कुर्ल्यातलं पूरग्रस्त मदत केंद्र: कागद भिजले असतील तर आधी इथे या

४ स्टार देतोय. पाचवा खिचडीमुळे कापला, त्याबद्दल खाली.

१९ ऑगस्ट २०२५ ला मिठी नदी ३.९ मीटरवर गेली आणि क्रांतीनगरच्या लोकांना पालिकेने बाहेर काढलं, तेव्हा माझ्या मावशीच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर कोणीतरी सांगितलं की समाजमंदिराच्या हॉलमध्ये मदत केंद्र सुरू झालंय, बचत गटाच्या बायका आणि एक छोटी संस्था मिळून चालवतात. मला वाटलं नेहमीसारखं असणार, पाच किलो तांदूळ, एक चादर, बॅनरसमोर फोटो, चला पुढे. धान्याचं किट मिळतं, बरं असतं, तूरडाळ मात्र कमी. पण इथली खरी चीज म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातलं कागदांचं टेबल.

तिथे बसणाऱ्या ताई बहुतेक सरकारी ऑफिसातून रिटायर झालेल्या असाव्यात, कारण कुठला कागद कुठल्या खिडकीवर लागतो हे त्यांना तोंडपाठ. मावशीने प्लास्टिकच्या पिशवीतून सगळा लगदा टेबलावर ओतला, रेशनकार्ड, पासबुक, जुनी लाइट बिलं सगळं एकमेकांना चिकटलेलं. ताईंनी काही फाडलं नाही, पंख्याखाली पेपर पसरले, एकेक पान हळूच सोडवून ठेवलं आणि दम दिला, "इस्त्री फिरवू नका हां, शाई जाते." मग विचारलं, "मावशी, भिंत धुतलीत का?" मावशी म्हणाली, हो, कालच घासून काढली. "अहो आधी फोटो काढायचा ना! पाणी कुठवर होतं ती रेघ दिसली पाहिजे, तलाठी येईपर्यंत काय दाखवणार?" नशीब शेजारच्या पोराच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ निघाला, पंचनाम्याला तोच दाखवला.

आता हे कागद एवढे का महत्त्वाचे ते सांगतो कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की फ्रिज गेला, गादी गेली हेच नुकसान. केंद्र सरकारच्या २०२५ मधल्या आपत्ती निकषात कपड्यांचे २५०० आणि भांड्यांचे २५०० रुपये एका कुटुंबाला, त्यात फ्रिज येत नाही हे सगळ्यांना माहितीये. पण एसआरएमध्ये, म्हणजे झोपडीच्या बदल्यात पक्कं घर देणाऱ्या सरकारी योजनेत, झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची दाखवता आली तर घर फुकट, २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून, आणि ते दाखवायचं कशावर तर जुनं लाइट बिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), मतदार यादीतलं नाव. म्हणजे तो भिजलेला १९९८ चा बिलाचा चिटोरा फ्रिजपेक्षा महाग आहे. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता तेव्हा असे कागद वाहून गेलेले आजी-आजोबा याच रांगेत बसलेले असतात, ते नव्या पोरांना स्वतःहून सांगतात की सगळ्याचे फोटो काढून मोबाईलवर ठेव रे बाबा.

अजून एक चांगली गोष्ट, पाण्यातून चालत आलेल्यांना सरळ पालिकेच्या दवाखान्यात पाठवतात. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, डॉक्सीसायक्लीन, पण गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं पोर असेल तर गोळी वेगळी, म्हणून स्वतः वाटत नाहीत, डॉक्टरकडेच जा म्हणतात. हे मला आवडलं.

आता तक्रारी. टोकन सकाळी १० ला आणि टेबल दुपारी ४ ला बंद, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायकांनी काय करायचं? एक खाडा झाला की मालकीण पगार कापते, त्यामुळे माझ्यासारख्या भाच्यांना सुट्टी टाकून जावं लागतं. पोरांसाठी कोपरा केलाय, चटई, खडू, दोन-चार पुस्तकं, पण बघायला कोणी नसतं त्यामुळे पोरं हॉलभर पळतात आणि कागद उडतात. आणि खिचडी! मीठ नाही, हळद नाही, गरम आहे एवढंच. एका काकांनी घरून लोणच्याची बरणी आणून ठेवली होती ती दुपारच्या आत रिकामी. बचत गटाच्याच बायकांना करायला दिली असती तर बरं झालं असतं, त्यांच्या हातची भाजी मी खाल्लीये.

मावशीचे सरकारी मदतीचे पैसे आले, पण उशिरा, बँक खातं आधारला लिंक नव्हतं म्हणून अडकले होते. ताईंनी पहिल्याच दिवशी बँकेत जाऊन चेक करा सांगितलं होतं, मावशी गेलीच नाही, तो दोष केंद्राचा नाही.

जाताना ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या, झेरॉक्सवाला समोरच आहे पण गर्दीच्या दिवशी पाच रुपये पान लावतो. रविवारी बंद.