तोंडाला वारं लागलं आणि ५३,५५१ रुपये गेले, बेळगावकडच्या लोकांनी तरी वाचा

आधीच सांगतो, मी काही अडाणी माणूस नाही. बेळगावच्या शहापुरात राहतो, १९ वर्षं साडीच्या दुकानात काउंटरला आहे. धागा जाळून केसासारखा वास आला तर रेशीम आणि प्लास्टिकसारखी गाठ झाली तर पॉलिएस्टर, हे मी डोळे मिटून सांगतो. (डोळे मिटून म्हणजे, त्या दिवसांत डावा डोळा मिटतच नव्हता, ते सोडा.) असा माणूस फसला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग पुढचं वाचा.

मे महिना, लग्नाचा सीझन. आदल्या रात्री डाव्या कानामागं ठणकत होतं, दिवसभर फॅनखाली उभं राहून झालं असेल म्हणून बाम चोळून झोपलो. सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर. बायको म्हणाली, नाटकं करू नका. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कुणाचा तरी, पडदा सुटल्यासारखा लोंबलेला. हसायला गेलो तर उजवीकडंच तोंड गेलं. चहाला चव नाही, आणि आत मोरीत ताट पडलं तर त्या कानात बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. शेजारची मावशी बघून लगेच म्हणाली, "तोंडाला वारं लागलंय ओ, कुणाला तरी दाखवा, ह्याला डॉक्टरांकडं औषध नसतंय." हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा सत्यानाश ह्याच वाक्यानं केला.

तरी मी आधी डॉक्टरांकडंच गेलो, हे मला लिहून ठेवायचंय. त्याच दिवशी, सकाळी ११ ला. डॉक्टर चांगला माणूस. म्हणाला भुवया वर करा. उजव्या कपाळाला आठ्या पडल्या, डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. म्हणाला हे बेल्स पाल्सी, मेंदूचं नाही, चेहऱ्याची सातवी नस कानामागच्या हाडातल्या बारीक नळीतून जाते, ती सुजून दाबली गेलीय. कपाळ हललं असतं आणि नुसतं तोंड वाकडं असतं, किंवा हात-पाय लुळा पडला असता, बोबडी वळली असती, तर मी इथं बसू दिलं नसतं, सरळ मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं असतं, असं म्हणाला. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, त्यात घड्याळ बघत बसायचं नसतं. मला दिल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, डोळ्याचे थेंब, रात्री घालायचा मलम, आणि झोपताना पापणी चिकटपट्टीनं बंद करा असं दोनदा बजावलं. म्हणाला बहुतेक लोक तीन आठवडे ते काही महिन्यांत बरे होतात, गोळ्या पहिल्या ७२ तासांत चालू झाल्या तर जास्त चांगलं. फी ५००, औषधं ४१२. एवढंच.

बरं, "काही महिने" हे शब्द ऐकल्यावर काय होतं ते ज्याचा चेहरा गेलाय त्यालाच विचारा. दुकानाच्या मालकानं दुसऱ्या दिवशी अगदी गोड बोलून सांगितलं, काउंटरला नको थोडे दिवस, बायका बघून घाबरतात. पगार १४,५००, तोही दिवसावर कापणार. मुलगी बारावीची. मी माणूसच बोलण्यावर जगणारा, आणि मला "पदर" म्हणता येईना, प सुटून नुसती हवा जायची. मी हावरा नव्हतो, मी घाबरलो होतो. फसणारा प्रत्येक जण हावरा असतो असं जे लोक बोलतात ना, त्यांचं तोंड एक दिवस वाकडं होऊ दे.

तिसऱ्या दिवशी थेंब संपले म्हणून परत दवाखान्यापाशी गेलो. बाहेर चहाचा गाडा. रुमाल तोंडाला लावून उभा होतो तर एक जण, पस्तिशीचा, इन केलेला शर्ट, गळ्यात ऑफिसचा पट्टा, म्हणाला, "मामा, डावी बाजू काय? माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच झालतं बघा, एकवीस दिवसांत सरळ." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तो स्वतः काही विकत नाही, पत्ता सुद्धा मागितल्याशिवाय देत नाही, उलट घाईत असल्यासारखं करतो. माझ्या चहाचे १२ रुपये त्यानं दिले. साडीच्या दुकानात आम्ही गिऱ्हाईकाला आधी थंडा का पाजतो ते मला माहीत नाही काय? तरी प्यालो.

वैद्य हद्दीपलीकडं, म्हणजे महाराष्ट्रात, वेंगुर्ला रोडला, बाची ओलांडलं की थोडं पुढं. दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या गाडीवरनं गेलो. आणि आता जे लिहितोय त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तिथं मराठी बोर्ड बघून मला बरं वाटलं. आम्ही बेळगावचे लोक, बसचा कन्नड बोर्ड वाचता येत नाही, उताऱ्याचा कन्नड कागद वाचता येत नाही, प्रत्येक ऑफिसात मान खाली घालून दुसऱ्याला "जरा वाचून सांगता काय" म्हणायचं, आणि इथं मोठ्या अक्षरात मराठी, आत शिवाजी महाराजांचा फोटो, आणि वैद्य म्हणतो, "या, तुम्ही आमचीच माणसं की." तिथंच अर्धे पैसे गेले असं समजा.

भिंतीवर फोटोच फोटो. वाकडी तोंडं, शेजारी सरळ तोंडं. वैद्यानं नाडी बघितली, कानामागं दाबलं, म्हणाला वारं नसेत शिरलंय, ते डोक्यात चढायच्या आत काढायला पाहिजे. डॉक्टरांच्या गोळ्या बघून कपाळाला हात लावला. "स्टेरॉइड! हाडं पोखरतंय, साखर वाढवतंय, आज बंद करा." साखर वाढते हे खरंच आहे, डॉक्टरांनी पण सांगितलं होतं आणि तपासून घेतली होती. अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं कसं म्हणणार? डोळ्याची पट्टी पण काढायला लावली, डोळ्याला हवा लागली पाहिजे म्हणे. फी? "मी पैसे घेत नाही, देवाचं काम आहे." फोटोपुढं ५१ रुपये ठेवले. चिठ्ठी लिहून दिली, औषध कुठूनही घ्या म्हणाला, पण शुद्ध पाहिजे असेल तर समोरच्या दुकानात.

आता तो क्षण. गेले चार महिने रात्री झोपताना मला हाच दिसतो.

मी दुकानात शिरलो. चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात. अजून काढली नव्हती. आणि त्या माणसानं "या" म्हणत वरच्या फळीवरची डावीकडनं तिसरी बरणी खाली घेतली आणि काट्यावर वाटी ठेवली. चिठ्ठी बघायच्या आधी! मी ते बघितलं. मला ते दिसलं, डोक्यात काहीतरी टोचलं पण, आणि मी काय केलं, तर खिशातनं चिठ्ठी काढून त्याला दिली. जणू त्याची चूक मी सुधारली. एकोणीस वर्षं मी गिऱ्हाईकाचा हात कुठल्या साडीकडं जाणार ते आधीच ओळखून तीच घडी उलगडतो आणि माझ्यासमोर कुणीतरी तेच करतोय ते मला कळलं नाही, म्हणजे कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

रेट विचारला तर म्हणाला, "आधी वजन होऊ दे." भस्म, कुठली तरी मुळी, आणखी एक करडी पूड, सगळं भराभर खलात टाकून कुटलं. कुटून झाल्यावर कॅल्क्युलेटर. भस्म ३० ग्रॅम, ११५० रुपये ग्रॅम. मला वाटलेलं १० ग्रॅमचा भाव सांगतोय. ३४,५०० झाले. दुसरी पूड ५० ग्रॅम २४० नं १२,०००. मुळी १,२००. तेल ८५०. एकूण ४८,५५०. नको म्हटलं तर, "एकत्र केलेलं आता कुणाला विकू मामा?" फॉल-पिको झालेली साडी आम्ही परत घेतो काय? नाही घेत. हे वाक्य मी हजारदा बोललोय. गप्प बसलो. मेहुणा घासाघीस करून ४६,००० वर आणून खूश. कॅश ४,५००, फोनवरनं स्कॅन करून २१,५००, आणि राहिलेल्या २०,००० साठी त्यांचा पोरगा आमच्या मागं बेळगावपर्यंत आला, एटीएमच्या दारात उभा राहिला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्या तरी मोबाईल शॉपीचं. ते पण बघितलं. बिल मागितलं तर म्हणे मशीन बिघडलंय. बिल नाही तिथं एक रुपया देऊ नका, आणि कुटायच्या आधी भाव विचारा, तो सांगत नसेल तर चिठ्ठी तिथंच टाकून या.

नऊ दिवसांनी फोन, दुसरा कोर्स पाहिजे, १८,०००. नाहीतर पहिला वाया जाईल. ७,५०० पाठवले. होय, परत पाठवले. ४६,००० बुडाले असं मानण्यापेक्षा आणखी ७,५०० देणं सोपं वाटलं.

तेराव्या दिवशी डावा डोळा लालभडक, आत वाळू घातल्यासारखं, उजेडाकडं बघवेना. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं बुबुळावर जखम झालीय, पापणी मिटत नसताना उघडा कसा ठेवला? शिव्या घातल्या. रास्तच घातल्या. तिथं ६,८४० गेले, ते मी वर धरलेले नाहीत. चष्मा घाला, थेंब घाला, रात्री पट्टी लावा, कोण काय म्हणतंय बघू नका, तोंड पुढं-मागं सरळ होतं, डोळा गेला तर गेला. पहिल्या डॉक्टरांकडं तोंड दाखवायची लाज वाटत होती तरी गेलो, ते काही बोलले नाहीत, पूड हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले हे खाणं बंद करा, भस्माच्या नावाखाली शिसं, पारा काहीही असू शकतं. रक्त तपासायला लावलं. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाले तो वेळ गेला आता.

आता पोलिसांचं ऐका. आपल्या इथल्या स्टेशनला गेलो. मराठीत अर्ज. साहेबांनी हात सुद्धा लावला नाही, "कन्नडदाग बरकोंड बर्री," म्हणजे कन्नडात लिहून आणा. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडनं कन्नडात करून आणला, १५० रुपये. मी त्यात काय लिहिलंय ते वाचू शकत नाही, माझीच तक्रार, माझीच सही. परत गेलो तर, दुकान कुठं? हद्दीपलीकडं. मग महाराष्ट्रात जावा. महाराष्ट्रात गेलो. तिथं मराठीत बोलले, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले पैसे बेळगावच्या एटीएममधनं काढले, खातं बेळगावचं, तुम्ही कर्नाटकचे, तिकडं द्या. मी म्हटलं हो, पण औषध इथं घेतलं. म्हणाले, तुम्ही स्वखुशीनं घेतलं ना? म्हणजे निवडणुकीच्या वेळी आम्ही तुमचे, सीमाभागातले बांधव, भाषणात आमच्या नावानं गळा काढायचा, आणि लुबाडलं तर आम्ही परराज्यातले. इकडं मराठी म्हणून परके, तिकडं कर्नाटकी म्हणून परके. चार खेपा, दोन्ही राज्यांत मिळून, पेट्रोलचेच ७०० गेले. नंतर एका वकिलाच्या क्लार्कनं सांगितलं की १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३, गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही स्टेशननं नोंदवून घ्यायचा असतो, झीरो एफआयआर म्हणतात. हे मला दोघांपैकी एकानं तरी सांगायचं होतं की नाही? तुम्ही जाल तेव्हा कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

औषध खात्याच्या ऑफिसात गेलो तर तिथं पण "हद्द". लकवा बरा करतो म्हणून जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानंच बंद आहे, यादीत लकव्याचं नाव आहे, हे मी तिथल्या क्लार्कला सांगितलं. तो म्हणाला, १९५४? लई जुना आहे ओ. आणि जेवायला गेला.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, मी तेरा दिवस लाजत बसलो. लाज महाग पडते. बायकोला सुद्धा खरा आकडा मी दुसऱ्या महिन्यात सांगितला, ती काही बोलली नाही, नुसती मुलीच्या क्लासच्या फीची पावती काढून परत डब्यात ठेवली.

तोंड? पाचव्या आठवड्यात दाढी करताना डावा कोपरा जरासा हलला. मी पूड बंद करून तीन आठवडे झाले होते. आता चार महिन्यांत बरंच सरळ झालंय, फक्त जेवताना डावा डोळा आपोआप बारीक होतो. "पदर" म्हणता येतं. काउंटरला परत उभा राहिलोय, कापलेले २२ दिवस गेलेच.

परवा नव्या नंबरवरनं मेसेज आला. "नमस्कार मामा, तब्येत कशी आहे? चेहरा सरळ झाला असेल तर एक फोटो आणि छोटा व्हिडिओ पाठवा, पुढच्या औषधाला १,००० रुपये सूट." भिंतीवरचे ते सगळे फोटो कसे जमले ते तेव्हा कळलं. मी मेसेजचा स्क्रीनशॉट काढून दोन्हीकडच्या पोलिसांना पाठवला. दोन्हीकडनं निळी टिक आलीय, त्याला आज नऊ दिवस झाले.