पाणबुडीतून पाताळाकडे की पाताळातून पाणबुडीकडे?

समुद्राखालच्या साहसकथेत लष्करी विज्ञानकथा आणि फॅन्टसी एकत्र आणायची, असे मनाशी धरलेल्या लेखकाला पहिले प्रकरण लिहिण्याआधीच एक निवड करावी लागते. कथेचा सांगाडा पाणबुडीचा ठेवून त्यात अद्भुताला हळूहळू शिरू द्यायचे, की सागरतळाचे राज्य, त्याचे राजवंश, मंत्र आणि शाप आधी उभे करून त्या राज्याला शिस्तबद्ध सैन्य द्यायचे? सोयीसाठी पहिल्या मांडणीला पाणबुडीप्रधान आणि दुसरीला पाताळप्रधान म्हणू. दोन्ही वाटांनी चांगली कादंबरी होऊ शकते. मात्र दोन्हींत लेखकाला कष्ट वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, आणि ते कुठे पडणार याचा अंदाज नसला की हस्तलिखित मध्यावर अडकते.

पाणबुडीप्रधान मांडणीचा सर्वांत मोठा फायदा असा, की कथानकाला लागणाऱ्या मर्यादा निसर्गाने आणि यंत्राने आयत्याच दिलेल्या असतात. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ३०० मीटरवर पाणबुडीच्या कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टनांचा भार असतो. डिझेल-विद्युत पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते आणि बॅटरी भरण्यासाठी तिला पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढणारी स्नॉर्केल नळी वर काढावी लागते. ती सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती याच वेळी. दोनशे मीटरखाली सूर्यप्रकाश जेमतेम उरतो आणि हजार मीटरखाली मुळीच पोहोचत नाही, त्यामुळे डोळ्यांचा उपयोग संपतो. उरतो तो कान. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. सोनार या ध्वनीने ठाव घेणाऱ्या यंत्रातून आपण स्वतः आवाज पाठवला तर प्रतिध्वनीतून शत्रूचा ठाव लागतो खरा, पण त्याच आवाजाने आपलाही ठाव शत्रूला कळतो. म्हणून बहुतेक वेळ पाणबुडी काही न बोलता ऐकत राहते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातल्या पाणबुड्या ६७.५ मीटर लांबीच्या आहेत, आणि तेवढ्या नळकांड्यात चाळीसएक माणसे आठवडेच्या आठवडे राहतात. या परिस्थितीत तणाव निर्माण करण्यासाठी लेखकाला वेगळे काही रचावे लागत नाही.

प्रश्न एवढाच उरतो, की अद्भुताने आत यायचे कोणत्या दाराने. माझे ठाम मत असे, की ते कानातून यावे. विजांचे लोळ फेकणारा सागरी जादूगार पाणबुडीसमोर आणला, की पाणतीर (टॉर्पेडो) विरुद्ध मंत्र असा आतषबाजीचा सामना होतो आणि दोन्ही बाजू स्वस्त होतात. याउलट पुढची कल्पना पाहावी. मध्यरात्रीनंतरच्या पाळीत सोनारवर बसलेला खलाशी एका आवाजाची दिशा कळवतो. जहाजाच्या पंख्याच्या ठोक्यांवरून पाती किती आणि फेरे किती हे मोजण्याचे त्याला शिक्षण आहे, म्हणून तो सवयीने मोजू लागतो. पण या आवाजात पंखाच नाही. ठोका एकसंध नसून किंचित विखुरलेला आहे, जणू चाळीसएक वल्ही एका लयीत, पण शेवटी माणसांच्याच हातांनी, पाणी कापत आहेत. आवाज येतो आहे तो पाणबुडीच्याही खालून. नोंदवहीत त्याला ‘वर्गीकरण’ या रकान्यात काहीतरी लिहिणे भाग आहे, आणि वरिष्ठ अधिकारी त्याच्या खांद्यामागे उभा आहे. वल्ह्यांचे गलबत समुद्राच्या पोटातून चालले आहे, असे त्या रकान्यात लिहिता येत नाही. तो ‘जैविक’ असे लिहितो, आणि पुढच्या शंभर पानांचे संकट त्या एका खोट्या शब्दातून सुरू होते. इथे फॅन्टसीने लष्करी यंत्रणेला तिच्याच नमुन्यात, तिच्याच भाषेत कोंडीत पकडले आहे.

प्रत्यक्ष समुद्रही लेखकाला या संदिग्धतेत मदत करतो. उथळ उष्ण पाण्यात चिमटे वाजवणाऱ्या कोळंब्यांचा कडकडाट इतका असतो की सोनारला त्याचा अडथळा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोनारवर समुद्राचा एक ‘खोटा तळ’ दिसू लागला, जो रात्री वर सरकत असे आणि दिवसा खाली जात असे. तो तळ नसून असंख्य लहान जीवांचा थर होता, हे नंतर उलगडले. वास्तवात एवढे घडलेले असताना कादंबरीतल्या कप्तानाने अशक्य गोष्टीला पहिले दोन दिवस शास्त्रीय नाव देत राहणे वाचकाला पूर्णपणे पटते. ही ‘अजून खात्री नाही’ची अवस्था जितकी लांबवता येईल तितकी लांबवावी. पाताळप्रधान मांडणीला हे सुख नाही, कारण तिथे अद्भुत पहिल्या पानावरच नागरिक असते.

पाणबुडीप्रधान वाटेवर एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात ‘खुखरी’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. बुडालेल्या खलाशांचे आवाज सोनारवर ऐकू येणे ही कल्पना या प्रकारात लेखकाला हटकून सुचते, पण ती खऱ्या नौकेला चिकटवणे मला अनुचित वाटते. काल्पनिक नौका घ्यावी, किंवा तीन शतके मागे जावे.

आता दुसरी बाजू. पाताळप्रधान मांडणीसाठी आपल्याकडे साहित्य तयार आहे, आणि ते परक्या जलपऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लष्करी आहे. महाभारताच्या वनपर्वात कालेय नावाचे असुर दिवसा समुद्रात दडून राहतात आणि रात्री बाहेर येऊन ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त करतात. देवांना त्यांचा तळच गाठता येत नाही. ही शुद्ध पाणबुडी-युद्धनीती आहे. त्यावर अगस्त्य समुद्रच पिऊन टाकतात, कालेय उघडे पडतात, देव जिंकतात, आणि मग समुद्र परत भरा अशी विनंती केल्यावर अगस्त्य सांगतात की पाणी तर पचून गेले. मंत्रसामर्थ्याने मिळवलेला विजय आणि त्यामागून येणारा कोरडा समुद्र, असा हिशेब ज्या कथेत आहे तिच्याकडून फॅन्टसी लिहिणाऱ्याने पुष्कळ शिकावे. त्याच पर्वात अर्जुन निवातकवच नावाच्या समुद्राश्रयी दानवांवर चालून जातो. ते मायेने दगड, पाणी, अग्नी आणि अखेरीस गाढ अंधार पसरवतात, तेव्हा देवांची युद्धे पाहिलेला सारथी मातलीही भांबावतो आणि त्याच्या हातातला प्रतोद, म्हणजे चाबूक, गळून पडतो. अनुभवी माणसाचा धीर सुटणे हे लष्करी कथेचे मर्म इथे आहेच. उणीव एवढीच, की ही मोहीम एका धनुर्धराची आहे. लष्करी कादंबरीला पलटण लागते, रसद लागते, आणि चुकीचा हुकूम पाळावा की नाही हा पेच लागतो.

या वाटेवरचा खरा धोका मर्यादांचा अभाव हा आहे. पाताळवासी पाण्यात श्वास घेतात, दाबाने चिरडले जात नाहीत, अंधारात त्यांना दिसते, असे एकदा ठरले की समुद्र हा केवळ निळा रंग दिलेली जमीन उरतो. राजवाडे, रस्ते, घोड्यांऐवजी मासे. वाचक तिसऱ्या प्रकरणापर्यंत आपण पाण्याखाली आहोत हे विसरतो. म्हणून जितक्या मर्यादा काढून घेतल्या तितक्या नव्या घालाव्या लागतात, आणि त्या समुद्रातूनच शोधलेल्या बऱ्या. खोल समुद्रात अन्न मुख्यतः वरून गळणाऱ्या कणांच्या रूपाने येते. एखादा मेलेला देवमासा तळाशी पडला की त्याच्यावर तिथले जीव वर्षानुवर्षे जगतात. ज्या राज्याची लष्करी मोहीम पुढचा देवमासा कुठे पडेल यावर ठरते, त्याचे सेनापती आणि त्याचे पुरोहित या दोघांनाही करण्यासारखे काम आहे, आणि एकमेकांशी भांडण्याचे कारणही.

स्थळाची निवडही दोन मांडण्यांत वेगळी वागते. मराठी लेखकाला थळजवळचा खांदेरी दुर्ग खुणावणे स्वाभाविक आहे: शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा तिथे इंग्रजांशी सागरी झुंज झाली, बेटावर कोळी बांधवांचा वेताळ आहे, ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा खडक आहे, आणि त्याच दुर्गाचे नाव घेऊन एक पाणबुडी २०१९ मध्ये नौदलात दाखल झाली. ध्वनीभोवती फिरणाऱ्या कथेला याहून काय हवे? पण मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आणि उथळ आहे. खांदेरीच्या पायथ्याशी पाताळ ठेवले तर जाणता वाचक हसेल. पाणबुडीप्रधान कथेत वाजणारा खडक बेटावर आणि त्याला मिळणारे उत्तर दूर उताराच्या काठापलीकडे ठेवावे लागेल, आणि त्या अंतरातूनच प्रवासाचे कथानक मिळेल. पाताळप्रधान कथेत मात्र भूगोल सरळ बदलता येतो, फक्त तसे केल्यावर खांदेरीचे नाव वापरण्याचा फारसा अर्थ राहत नाही.

संवादांच्या बाबतीत पाताळप्रधान मांडणी मराठीला सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. नौदलातले हुकूम इंग्रजीत सुटतात, आणि प्रत्येक पानावर ते देवनागरीत वाचणे थकवणारे होते. तांडेल, सारंग, सरखेल, सुभेदार अशा आरमारी हुद्द्यांवर उभारलेले सागरतळाचे सैन्य मात्र पहिल्या वाक्यापासून मराठीत बोलू शकते.

तिसरा पर्याय म्हणून शेवटी सगळ्या अद्भुताला शास्त्रीय खुलासा देण्याची पद्धत सुचवली जाते. तो मी विचारात घेणार नाही; तिथे मिश्रण उरतच नाही, आणि वाचकाला फसवल्यासारखे वाटते.

एका खंडात संपणारी, प्रौढ वाचकासाठीची पहिलीच कादंबरी असेल तर पाणबुडीप्रधान मांडणी घ्यावी, अद्भुताचा एकच नियम ठेवावा आणि तो ध्वनीचा ठेवावा. पाणबुडीचे तांत्रिक तपशील वाचण्याचा कंटाळा असेल तर ही वाट धरू नये, कारण बॅटरी किती उरली हे ज्या लेखकाला कुठल्याही पानावर सांगता येत नाही त्याचे संकट खोटे पडते. तीन-चार खंडांचा बेत असेल, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर सांगायचे असेल, किंवा किशोर वाचक समोर असतील तर पाताळप्रधान मांडणी अधिक पेलते. तिथे पहिल्या खंडात माणसांची पाणबुडी आणूच नये, आणि दुसऱ्यात ती आली तर पाताळवासीयांच्या नजरेतून यावी: पोटात चाळीस माणसे घेऊन फिरणारा, दिवसातून एकदा श्वासासाठी वर जाणारा, आणि ऐकताना पूर्ण गप्प होणारा एक लोखंडी प्राणी म्हणून.