कामावर दुखापत, दावा नामंजूर: या वकिलांच्या ऑफिसचा आमचा अनुभव

भरपाईचा दावा फेटाळला गेलाय आणि वकील करावा की नको या विचारात असाल, तर तुमच्यासाठी हे लिहितेय. माझा मोठा भाऊ गोदामात कामाला आहे. डोक्याच्या वरच्या फळीवरून खोका उतरवताना त्याच्या उजव्या खांद्यात कट्‌कन आवाज झाला. त्याने तशीच शिफ्ट पूर्ण केली, सुपरवायझरच्या कानावर घातलं आणि दुखणं थांबेना तेव्हा दवाखाना गाठला. पुढे विमा कंपनीचं पत्र आलं: दुखापत कामामुळे झाल्याचं सिद्ध होत नाही, एमआरआयमध्ये जुनी झीज दिसते, घटना कळवायला उशीर झाला.

हे ऑफिस नाकारलेल्या दाव्यांचंच काम घेतं. वकील मॅडमनी आधी पत्र मागितलं आणि त्यावरची तारीख पाहिली, कारण अपिलाची मुदत तिथूनच मोजली जाते आणि ती हुकली तर खरा दावाही बुडतो. मग पेन्सिलने तिन्ही कारणांखाली रेघा मारल्या. म्हणाल्या, "त्यांनी जे लिहिलंय त्यालाच उत्तर द्यायचं. बाकी सगळं नंतर."

दादा सारखा सांगत होता, चूक माझी नव्हती, फळीच उंच होती. मॅडमनी त्याला नीट समजावलं की चूक कोणाची हे इथे कोणी विचारतच नाही. जर्मनीत 1884 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1897 मध्ये असे कायदे झाले, तेव्हापासून या भरपाईचा पायाच तो आहे. मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही आणि त्या बदल्यात बऱ्याच देशांत कामगाराला मालकावर वेगळा खटला भरता येत नाही. वाद उरतो एवढाच की दुखापत कामावर असताना आणि कामामुळे झाली का.

आणि तिथेच आमचं घोडं अडलं होतं. मॅडमनी दवाखान्यातला पहिला केसपेपर काढायला लावला. त्यावर लिहिलं होतं: "उजवा खांदा दोन दिवसांपासून दुखतो. पडल्याचा इतिहास नाही." खोका नाही, गोदाम नाही, काम हा शब्दसुद्धा नाही! दादाने डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं, पण गर्दीत ते लिहायचं राहून गेलं. विमा कंपनीचा माणूस हाच कागद सर्वांत खरा मानतो, कारण तो भरपाईचा विषय निघण्याआधीचा असतो. आयुष्यभर ओझी उचललेल्या माणसाचा हक्क अशा एका अर्धवट ओळीवर अडकावा, याचा मला अजूनही संताप येतो.

झिजेचा मुद्दा त्यांनी फार चांगला हाताळला. चाळिशी ओलांडलेल्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही खांद्याची झीज दिसते, कधी स्नायुबंध फाटलेलाही दिसतो. बऱ्याच कायद्यांत जुनं दुखणं कामामुळे बळावलं तरी भरपाई मिळते. पण आमच्या सर्जननी पत्रात "कामामुळे असणे शक्य आहे" असं लिहिलं होतं. मॅडमनी ते परत पाठवलं. "शक्य आहे" एवढ्यावर दावा उभा राहत नाही, बहुधा कामामुळेच, आणि ते का, हे लागतं. दुसऱ्या पत्रात सर्जननी लिहिलं की घटनेआधी हा माणूस हात डोक्यावर नेऊन पूर्ण शिफ्ट करत होता, खांद्यावर कधी उपचार घेतले नव्हते आणि आता हात खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नाही.

उशिराचं कारण दादाच्या मोबाईलनेच खोडून काढलं. त्याच रात्री त्याने सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं: "खांदा धरलाय, उद्या हलकं काम द्या." तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट फाईलला लागला.

तक्रारी आहेतच. फोन वेळेवर उचलत नाहीत, आणि दर वेळी नवा असिस्टंट सगळं पहिल्यापासून विचारतो. फी भरपाई मिळाली तरच, हे त्यांनी लेखी दिलं होतं. पण डॉक्टरांच्या अहवालाचा खर्च वेगळा पडतो हे उशिरा कळलं. पगार बंद असलेल्या घराला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

उपचारांचा खर्च मंजूर झाला, बुडालेल्या पगाराचा काही भागही मिळाला. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी किती धरायची यावर अजून भांडण चालू आहे आणि ते हेच ऑफिस लढतंय. माझ्याकडून पाचपैकी चार.

रोजंदारीवर किंवा कंत्राटदाराकडे असाल आणि "तुम्ही आमचे कामगारच नाही" म्हणून नकार आला असेल, तर पगाराच्या नोंदी, हजेरी आणि काम कोण सांगायचं त्याचे मेसेज जमवून जा. असं प्रकरण त्यांच्याकडे चालू असलेलं मी पाहिलंय. आणि नकाराचं मूळ पत्र पाकिटासकट न्या, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख ते तपासतात.