सात महिने, दोन गळपट्टे आणि एक मुसकं : बंड्याच्या दुखण्यात काय कामी आलं

आमचा बंड्या म्हणजे गावठी कुत्रा, सहा वर्षांचा, वजन १८ किलो. गेल्या जुलैत रात्री साडेनऊच्या सुमारास, वाईत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दोन मोकळ्या कुत्र्यांनी त्याला धरलं. एकाने मान पकडली, दुसऱ्याने डाव्या पुढच्या पायाची काख. मी वेड्यासारखा मधे हात घातला आणि मनगटावर एक दात लागला. मधे हात घालू नये, बादलीभर पाणी ओतावं, हे शहाणपण नंतरचं. त्याच रात्री साबण लावून नळाखाली हात पंधरा मिनिटं धुतला आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू केली: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. बंड्याची वार्षिक लस झालेली होती, तरी डॉक्टरांनी त्यालाही पुन्हा सुरू केली.

पुढच्या सात महिन्यांत जे जे विकत आणलं त्यातलं काय टिकलं आणि काय वाया गेलं, ते लिहितोय. यातली एकही वस्तू मला कुणी फुकट दिलेली नाही.

आधी जखमेबद्दल, कारण तिथे माझा पार अंदाज चुकला. दवाखान्याच्या टेबलावर बंड्याच्या काखेजवळ चार भोकं दिसत होती, प्रत्येक तुरीच्या दाण्याएवढं. मी मनात म्हटलं, चला, थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पांढऱ्याफटक. बोटाने दाबून सोडल्या तर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागत होते. सलाईन लागलं, छातीचा एक्स-रे निघाला (फुफ्फुसाला काही झालं नव्हतं), मग भूल देऊन केस भादरले. एका भोकातून चिमटा आत घातला तो तळहाताएवढं अंतर कातड्याखालून फिरून दुसऱ्या भोकातून बाहेर आला. कुत्रं चावून थांबत नाही, फडकं झटकावं तसं झटकतं. कातडी लवचीक, ती ताणली जाते, पण खालचा स्नायू तिच्यापासून सुटतो आणि चिरडतो. वर चार भोकं, आत पोकळी, आणि त्या पोकळीत चावणाऱ्याच्या तोंडातले जंतू. पाणी निघून जायला आत रबराची नळी घातली, दोन्ही टोकं बाहेर. कुणाच्या कुत्र्याला चावा बसला आणि वरून किरकोळ दिसत असेल, तर सकाळची वाट बघू नका. आणि घरातली डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी तर मुळीच देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखी बाधते.

आता वस्तू.

पहिला, हवा भरायचा गळपट्टा. ऑनलाइन मागवला, ७०० रुपये. दिसायला प्रवासातल्या मानेच्या उशीसारखा. आम्हा सगळ्यांना फार आवडला, कारण बंड्या त्यात केविलवाणा दिसत नव्हता. तिसऱ्या रात्री मी डुलकी काढली आणि उठलो तर नळी अंथरुणावर पडलेली. गावठी कुत्र्याचं नाकाड लांब, मान वाकवली की तोंड पायापर्यंत आरामात पोचतं. पहाटे पाचला डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, नळी फेकू नका, घेऊन या. तिची लांबी मोजून त्यांनी खात्री केली की तुकडा आत राहिलेला नाही. मग पुन्हा भूल, पुन्हा नळी, पुन्हा खर्च. पोटावरच्या टाक्यांना तो पट्टा कदाचित चालत असेल. काखेला आणि पायाला बिलकुल नाही.

दुसरा, साधा प्लॅस्टिकचा कोन. औषधाच्या दुकानातून, ३५० रुपये. हाच तारणहार. सहा आठवडे गळ्यात होता, रोज धुतला, तडा गेला नाही. पारदर्शक घ्या, कडेचं दिसत असलं की कुत्रं दचकत नाही. लांबी नाकाच्या पुढे दोन-तीन इंच हवी आणि गळ्याशी दोन बोटं जावीत एवढी ढिलाई. घरात पहिले चार दिवस नुसता धाडधाड आवाज, दाराच्या चौकटी, फ्रिज, माझ्या पोटऱ्या. एकदा तर कोन पायरीला अडकून हा अर्धा तास तसाच उभा, कुणीतरी येईल म्हणून. दोष एकच, गळ्याजवळची कड कापते. आईने जुन्या इरकली साडीचा काठ तिथे दुमडून शिवला, तेव्हा मानेची लाली गेली. जेवणाचं भांडं पाटावर ठेवलं की कोनासकट खाता येतं. दया येऊन जेवणापुरता कोन काढायचा असेल तर शेजारी बसून राहा. आम्ही काढला की सासरच्या माणसासारखा तो आधी जखमेची विचारपूस करायला जायचा, मग जेवायचा.

सहाव्या दिवशी काखेखालची कातडी काळी पडून चपलेच्या तळव्यासारखी कडक झाली. खालचा रक्तपुरवठा तुटला की असं होतं, आणि ते आधी कळत नाही. मेलेला भाग कापून काढला, तळहाताएवढी जखम उघडी राहिली. मग सुरू झाली साखर. होय, चहाची साखर. जखमेवर जाड थर, वर जाळीचा कपडा, वर कापूस. साखर पाणी ओढून घेते, सूज उतरते, जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. सुरुवातीला दिवसातून दोनदा बदलायची, धुवायला फक्त कोमट सलाईन. आईचा आग्रह हळदीचा होता. डॉक्टरांनी तिला न दुखवता सांगितलं, ‘काकू, तुमची हळद दुधात घाला, जखमेत तिचे कण रुतून बसतात.’ साखरेचा एक त्रास डॉक्टरांनीही सांगितला नव्हता: मुंग्या. पावसाळ्यात वाईच्या घरात साखर बांधलेलं कुत्रं म्हणजे चालतीबोलती मेजवानी. शेवटी त्याला बाजेवर झोपवलं आणि चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, दुधाच्या पातेल्याला आजी करायची तसं. जखमेच्या कडेकडेला माश्या बसू नयेत म्हणून टोपिक्योर स्प्रे, डॉक्टरांना विचारून. पावसाळ्यात हे टाळलं तर किडे पडायला दोन दिवस पुरतात. पाच आठवड्यांत जखम कडेकडेने भरत आली आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची जी तयारी ठेवली होती ती लागली नाही.

मधे ९०० रुपयांचा अंगरखा घेतला, शस्त्रक्रियेनंतर घालतात तो. आमच्या हवेत तो सकाळी घातला की दुपारी ओला, रात्री वास. दोनदा वापरून ठेवून दिला. त्याऐवजी मुलाचा जुना सुती टी-शर्ट, पुढचे पाय बाह्यांतून, पाठीवर गाठ. असे तीन होते, आलटून पालटून धुतले.

जखम भरली म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं. खरा लांबचा रस्ता पायाचा होता. काखेतून जाणारी नस चेंगरली होती, त्यामुळे पंजा उलटा पडायचा, तो पंजाच्या पाठीवर चालायचा. डॉक्टरांनी बोटांच्या मधे चिमटा काढून बघितलं, तो कळवळला, आणि ते खूश झाले. खोलवरचं दुखतंय म्हणजे नस पूर्ण तुटलेली नाही. नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. काखेपासून पंजापर्यंतचं अंतर आम्ही शिवणाच्या टेपने मोजलं, भागाकार केला आणि गप्प बसलो.

दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा, प्रत्येक सांधा हलक्या हाताने वाकवायचा आणि सरळ करायचा. उलटा पंजा डांबरावर घासून नखांतून रक्त यायचं म्हणून बाळाचे मोजे आणले. दीड दिवसात भोक. ऑनलाइन मिळणारे कुत्र्याचे बूट त्याच्या बारीक पंजातून गळून पडायचे. शेवटी एसटी स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी पंजाखाली कागद ठेवून पेन्सिलीने रेघ मारली, मऊ चामडं, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर दोन पट्ट्या. ‘माणसांपेक्षा बरा, पाय हलवत नाही,’ म्हणाले. १५० रुपये. तो बूट अजून आहे, तळ एकदा बदलला. सात महिन्यांतली सगळ्यात चांगली खरेदी, आणि ती कुठल्याच संकेतस्थळावर नाही.

पाठीवर मूठ असलेला पट्टा (१४०० रुपये) काखेची कातडी पक्की झाल्यावरच घातला, आधी घातला असता तर तिथेच घासला असता. छातीखालचा भाग रुंद आणि आतून मऊ असलेलाच बघा. मुठीला धरलं की जिन्यावर त्याचं निम्मं वजन आपल्या हातात येतं. शिवण अजून पक्की, एका बाजूचं प्लॅस्टिकचं बक्कल मात्र चौथ्या महिन्यात तुटलं, ते दप्तराचं लावलं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी मोत्याच्या, म्हणजे समोरच्यांच्या बोक्याच्या मागे धावताना त्याने पंजा सरळ टाकला. एकदाच. आता दहातली आठ पावलं सरळ पडतात, दमला की पाय अजून घासतो.

शेवटची खरेदी जाळीचं मुसकं. मळणीच्या बैलाला घालतात तेच, फक्त प्लॅस्टिकचं. यावर गल्लीत बरीच बोलणी खाल्ली: मार खाल्ला त्याने आणि मुसकंही त्यालाच? पण त्या रात्रीनंतर कुठलंही कुत्रं दिसलं की हाच आधी अंगावर जातो, भीतीने. जाळीत तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडाच्या घट्ट पट्टीत ते जमत नाही, ती घेऊ नका. आत शेंगदाण्याचा कूट चोपडून तीन आठवडे नुसतं नाक घालायला शिकवलं, पट्टा नंतर बांधला. ज्यांची ती दोन कुत्री होती, ती अजून मोकळीच फिरतात. बोलून झालं, लेखी देऊन झालं. आम्ही फिरायची वेळ पहाटे साडेपाचची केली आणि रस्ता घाटाकडचा.

सगळा खर्च औषधपाण्यासकट ४१ हजारांच्या घरात गेला. त्यातले हवेचा पट्टा, अंगरखा आणि दोन जोड बूट मिळून अडीच हजार निव्वळ बुडाले.

कोन सध्या मागच्या गल्लीतल्या एका कुत्रीच्या गळ्यात आहे, तिची नसबंदी झाली परवा. काठ उसवलाय म्हणतात, परत आला की आई शिवून देईल.