खोल पाण्यात बारीक मासळीसाठी फेकजाळं घेताना: तीन जाळ्यांची पारख

शिंगाळा किंवा वाम असा मोठा शिकारी मासा गळाला लावायचा तर आमिषाला जिवंत बारीक मासळी लागते, आणि ती मिळवायला फेकजाळ्यासारखं दुसरं साधन नाही. पैठण, माजलगाव, नांदेड या भागात दुकानातून साधारण तीन प्रकारची फेकजाळी मिळतात. पहिलं, 6 फुटी हलकं तयार जाळं, कडेला खिसे असलेलं. दुसरं, 8 फुटी जड जाळं, आतून ओढदोऱ्या असलेलं. तिसरं, भोई कारागिरांकडून मापाप्रमाणे विणून घेतलेलं. फूट म्हणजे इथे त्रिज्या, वरच्या कड्यापासून शिशापर्यंतची लांबी. काही दुकानदार पूर्ण व्यास सांगतात, म्हणून “12 फुटी” ऐकलं की टेप लावून मोजूनच घ्यावं.

निकाल आधीच सांगतो. खोल पाण्यासाठी ओढदोऱ्यांचं 8 फुटी जाळं घ्या, शिसं 5 किलोच्या वर असलेलं. कारण नीट समजून घ्या, नाहीतर दुकानात पसारा बघून भलतंच जाळं गळ्यात पडतं.

खिशाचं जाळं तळावर चालतं. ते पाण्यात पडतं, शिसं तळाला टेकतं, मग दोरी हळू ओढली की कडा तळाला घासत आत सरकतात आणि मासा कडेच्या खिशात शिरतो. नदीच्या काठाला, कमरेएवढ्या पाण्यात हे जाळं उत्तम. खोल पाण्यात मात्र त्याला टेकायला तळच मिळत नाही. खाली 35 फूट पाणी आणि मासळी 8 ते 15 फुटांवर, हे धरणातलं नेहमीचं चित्र. आमिषाला लागणारी बारीक चंदेरी चेला ही तर वरच्या थरातलीच मासळी, खोल पाण्यावर असली तरी तळाला जात नाही. खिशाचं जाळं अधांतरी ओढलं की तोंड उघडं राहतं आणि मासळी खालून निसटून जाते. ओढदोऱ्यांच्या जाळ्यात प्रत्येक दोरी शिशाच्या काठाला बांधलेली असते आणि वरच्या कड्यातून बाहेर येऊन फिरकीला, म्हणजे हातदोरीला पीळ चढू न देणाऱ्या फिरत्या जोडाला, मिळते. हातदोरी ओढली की सगळं शिसं एकदम कड्याकडे गोळा होतं आणि जाळं पाण्याच्या मधोमधच मिटतं, तळ असो वा नसो.

आपल्या धरणांत याला आणखी एक कारण आहे. नाथसागराची, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाची, भिंत 41 मीटर उंच असली, तरी पाणी 55 किलोमीटर लांब आणि 27 किलोमीटर रुंद पसरलेलं आहे. त्याखाली शंभरावर गावांची जमीन गेली आहे. बांध, विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे सगळं खाली तसंच. तळावर घासणारं जाळं तिथे अडकणारच. मधल्या पाण्यात मिटणारं जाळं त्या बुंध्यांपर्यंत पोचतच नाही. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर इथेही हाच विचार लागू पडतो.

आता शिसं. जाळं खाली जाताना वरचा पडदा पाण्याला अडतो, त्यामुळे शिसं आत ओढलं जातं आणि तोंड दर फुटाला लहान होत जातं. शिसं जड असेल तर जाळं तोंड मिटण्याआधी मासळीच्या खाली पोचतं. हलकं असेल तर मासळी सावली बघून बाजूला होते. साधं माप असं: त्रिज्येच्या दर फुटाला उथळ पाण्यात 450 ग्रॅम शिसं पुरतं, खोल पाण्यात 650 ते 700 ग्रॅम पाहिजे. म्हणजे 8 फुटी जाळ्याला 5.2 ते 5.6 किलो. या जाळ्याचा घेर सुमारे 50 फूट, तेव्हा घेराच्या दर फुटाला शंभर ग्रॅमच्या वर शिसं बसलं पाहिजे. दुकानात काट्यावर जाळं ठेवून वजन करा आणि सुताचं वजन वजा करा. तयार हलक्या जाळ्यांत शिसं 3 किलोच्या आसपासच भरतं. 8 फुटी असलं तरी ते जाळं उथळ पाण्याचंच समजावं.

शिशाऐवजी लोखंडी साखळी लावलेली जाळीही मिळतात. पाण्यात शिशाचं वजन सुमारे 9 टक्के कमी होतं, लोखंडाचं 13 टक्के. फरक फार नाही, पण साखळी जाडजूड असते, पाण्याला जास्त अडते, गंजते आणि सूत कुरतडते. शिशाचे मणीच बरे. मणी ओवलेले असावेत, चिरा पाडून दाबलेले नकोत, कारण चिरेत सूत अडकतं आणि फेकताना जाळं एका बाजूला फाटतं. मणी घेरभर सारख्या अंतरावर आहेत का, हे बोटाने मोजत जावं. एका बाजूला गर्दी असली की जाळं केळ्यासारखं उघडतं. एक काळजी मात्र कायम घ्यावी: फेकताना शिशाची कड दातात धरायची जुनी सवय सोडा. शिसं विषारी आहे. कड कोपरावर किंवा खांद्यावर टाकूनही जाळं तितकंच चांगलं उघडतं. जाळं हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नये.

आसाच्या मापात सगळ्यात जास्त फसगत होते. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. कोणी गाठ ते गाठ मोजतं, कोणी डोळा ताणून. गाठ ते गाठ 10 मिलिमीटर म्हणजे ताणून 20 मिलिमीटर. एकाच जाळ्याची ही दोन मापं. तीन-चार इंची चेल्यासाठी गाठ ते गाठ 10 मिलिमीटरच हवी. 6 मिलिमीटरची घेतली तर पडदा दाट होतो आणि 5 किलो शिसं असूनही जाळं रेंगाळत बुडतं. 14-15 मिलिमीटरची घेतली तर मासळी डोळ्यात डोकं घालते, कल्ल्यांपाशी अडकते, आणि सोडवताना मरते. मेलेली मासळी शिंगाळ्याला चालते, पण जिवंतचा जोर तिला येत नाही. दाट जाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली येते ती वेगळीच. धरणात सोडलेलं ते बीज आहे. हाताला आलं की लगेच पाण्यात सोडावं.

सूत मोनोफिलामेंटचं, म्हणजे पीळ नसलेल्या एकाच तंतूचं, 0.25 मिलिमीटरच्या आसपास. ते पाणी फारसं धरत नाही, ताठ राहतं, लवकर बुडतं. पिळाचं नायलॉन मऊ, हातात छान बसतं, दुरुस्त करायला सोपं, पण भिजून जड होतं आणि बुडताना सावकाश. तिसरं, प्लास्टिकचं सूत, नायलॉनसारखंच दिसतं. त्याची परीक्षा सोपी आहे. सुट्या सुताचा तुकडा ग्लासभर पाण्यात बुडवून सोडा. नायलॉन खाली जातं, प्लास्टिक वर तरंगतं. तरंगणारं सूत खोल पाण्यासाठी घेऊ नये.

तयार जाळ्याची हातदोरी बहुतेक 15-20 फूटच असते. ही उणीव पहिल्या दिवशीच दूर करावी, कारण दोरी संपली की जाळ्याचं कडं तिथेच थांबतं, शिसं त्याच्याखाली लोंबतं आणि 8 फुटी जाळं पुढच्या 8 फुटांत पूर्ण मिटतं. फेकणारा म्हणतो जाळं खराब. खरं तर दोरी आखूड. 6 ते 8 मिलिमीटर जाडीची, मऊ, विणलेली 50 फूट दोरी लावा. दर 5 फुटांवर रंगीत दोऱ्याची गाठ मारा. मासळी 15 फुटांवर असेल तर जाळं पडल्यावर दोरी हातातून सैल जाऊ द्या, तिसरी खूण बोटांतून गेली की एक जोरदार झटका, मग न थांबता एकसारखी ओढ. मध्ये थांबलं की तोंड परत उघडतं.

ओढदोऱ्या सगळ्या एका लांबीच्या आहेत का ते बघा. जाळं कड्याने उचलून धरा, दोऱ्या खाली खेचा. एखादी लोंबत असेल किंवा ताणलेली असेल तर तिथे जाळं उघडणार नाही. दर दोन फुटांच्या घेराला एक, म्हणजे 8 फुटीला 25 च्या आसपास दोऱ्या असाव्यात. कड्याची आतली कड गुळगुळीत हवी. धारदार असली तर दोऱ्या तिथेच झिजून तुटतात. फिरकी बोटाने सहज फिरावी, नाहीतर दोरीला पीळ चढत जातो.

विणून घेतलेलं जाळं या सगळ्यात सरस ठरू शकतं. कारागीर फेरीगणिक आसांची संख्या वाढवत गोल विणतो, त्यामुळे पडदा घडीविना पसरतो. तयार जाळं पट्टे जोडून केलेलं असतं, आणि शिवणी ताठ राहिल्या तर वर्तुळाऐवजी षट्‌कोन पडतो. फक्त ऑर्डर देताना तोंडी “खोल पाण्याचं” म्हणू नका. त्रिज्या, आस, शिशाचं वजन, ओढदोऱ्यांची संख्या कागदावर लिहून द्या; आपल्याकडे नदीकाठच्या सवयीने खिशाचंच जाळं विणलं जातं. नवं जाळं खळ्यावर किंवा गवतावर फेकून बघा. 8 फुटीचं वर्तुळ 15 फूट व्यासाच्या आसपास पडलं तर ठीक, 12 च्या आत असेल तर हात किंवा जाळं, यांपैकी एकात बदल हवा.

10 फुटी जाळं घ्यायचा मोह होतो, कारण क्षेत्रफळ 200 चौरस फुटांवरून 314 वर जातं आणि खोलवर तोंड मोठं राहतं. होडी रुंद असेल तर जरूर घ्या. पण त्याला साडेसहा ते सात किलो शिसं लागतं, आणि थर्माकोलच्या तराफ्यावरून एवढं वजन फेकलं की तराफाच पालथा व्हायला निघतो. तराफ्यावर 8 फुटीसुद्धा गुडघ्यावर बसून फेकावं, दोरीचा फास मनगटात सैल ठेवावा, अंगात लाइफ जॅकेट असावं. जाळं अडकलं आणि फास आवळलेला असला तर माणूस जाळ्याबरोबर जातो.

दिवसा मासळी फार खाली असेल तर जाळ्यापेक्षा चाऱ्याने काम होतं. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून सैल गोळे करा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मासळी 10 फुटांच्या आत आली तर फेकीचं निम्मं काम झालं. रात्री पाण्यावर दिवा धरला तरी चेला वर येतो. उन्हाळ्यात खोल तळाशी प्राणवायू कमी पडतो, तेव्हा 40 फुटांवर जाळं सोडून काही हाती लागत नाही.

मासेमारीचा परवाना किंवा धरणाचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्या. भिंतीजवळ आणि अभयारण्याच्या हद्दीत कुठे फेकता येतं हे तिथेच विचारा.

काम झालं की जाळं साध्या पाण्यात खळबळून सावलीत, कड्याने टांगून वाळवा. उन्हात नायलॉन हळूहळू ठिसूळ होतं. नवं मोनोफिलामेंट फार ताठ वाटलं तर बादलीभर पाण्यात कपडे मऊ करायच्या द्रावणाची एक-दोन झाकणं घालून त्यात रात्रभर भिजत ठेवा आणि स्वच्छ धुऊन मगच धरणात न्या.