मागची सीट बसवायला गेलो आणि साडेनऊ हजारांची टोपी घालून आलो

सांगायला लाज वाटते कारण मी सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, रोज दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट रिजेक्ट करतो, आणि स्वतःच्या गाडीला मात्र खाली वाकून बघितलं नाही. बाकी कुणाचं तरी वाचावं म्हणून लिहितोय.

गाडी जुनी बुलेट, कास्ट आयर्न इंजिन, लग्नाआधी हौसेनं बॉबर केलेली. म्हणजे मागचा सबफ्रेम (सीट पेलणारा सांगाडा) शॉकअपच्या मागून कापला, स्प्रिंगवाली एकच सीट ठेवली, मडगार्ड छोटा. तेव्हा मागं बसणारं कोण होतं! आता लग्न झालं आणि बायको म्हणाली की मला नरसोबाच्या वाडीला घेऊन जायचं असेल तर बसायला जागा कर, नायतर मी एसटीनं जाते, तू ये मागनं. म्हटलं करू.

विश्रामबागच्या बाजूला एकजण असली कामं करतो, नाव घेत नाही. फोनवर फोटो दाखवले, एक नंबर काम. म्हणाला दादा, सीमलेस पाईपचा लूप वाकवतो, चेसिसला मिग वेल्डिंग मारतो, त्यावर सीट, दोन पैलवान बसवा. साडेसात हजार. वर आणखी दोन हजार आरटीओचे, "मागची सीट पासिंगला चढवावी लागते." दिले की मी! घरी आरसी काढून बघितली असती तर सीटिंग कपॅसिटी 2 आधीपासूनच छापलीय, चढवायचं काय होतं त्यात? पैसे फोनवरून पाठवले, पावती म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर नुसता आकडा.

चार दिवस म्हणाला, अकरा दिवस लावले. दोनदा गेलो तर गाडी झाकून ठेवलेली, "दादा रंग ओला आहे, हात लावू नका." इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. वेल्डिंग बघायच्या आधी रंग कशाला मारला, हे मी कंपनीत पहिल्यांदा विचारतो. पण सीट दिसायला अशी भारी होती, तपकिरी रेक्झिन, चौकटीची शिलाई, की मी नुसता हात फिरवत बसलो. साडी गार्ड आणि मागचं हँडल कुठाय विचारलं तर म्हणे लूक जातो दादा, हल्ली कोण बघतंय. घरी येऊन शोधलं तर मोटार वाहन नियम 123 मध्ये सरळ लिहिलंय, मागच्या माणसाला धरायला हँडल, पायाला फूटरेस्ट आणि निम्म्या चाकाला झाकण पाहिजेच. आणि कायद्याच्या कलम 128 प्रमाणे मागची सीट गाडीला घट्ट बसवलेली पाहिजे. घट्ट हा शब्द लक्षात ठेवा.

पुढच्या गुरुवारी वाडीला निघालो. अंकलीच्या अलीकडं एका स्पीडब्रेकरला मागून कट्ट आवाज आला, बायको म्हणाली सीट खाली गेली, आणि मग रबर जळाल्याचा वास. मडगार्ड टायरला टेकलेला. वेग वीस-पंचवीसचा होता म्हणून ती पाय टेकवून उतरली, साडी चाकापासून वितभर लांब होती. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

गाडी टेम्पोत घालून मिरजेला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेली, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी सीट उलटी केली आणि बोललेच नाहीत, नुसतं मला जवळ बोलावलं. पाईपचा लूप वगैरे काही नाही. मडगार्डच्या पत्र्याला दोन भोकं, त्यात 6 एमएमचे दोन बोल्ट, वॉशरसुद्धा नाही. एका भोकापासून पत्रा टरकत गेलेला. चेसिसला जे वेल्डिंग दिसत होतं ती साधी पट्टी, दोन टाके मारून बाकी लांबी (पुट्टी) भरलेली आणि वरून काळा रंग. नखानं उकरली तर पापुद्रे निघाले. आत फोम म्हणजे कापलेल्या गादीचे तुकडे.

पुढचं चाचांनीच दाखवलं. शॉकअप माझे नव्हते. माझ्या डाव्या शॉकअपच्या कव्हरवर 2019 च्या पुरात गाडी साखळीनं ओढून वर घेतली तेव्हाचा ओरखडा होता, तो गायब. म्हणजे सीट बसवता बसवता ओरिजिनल काढून डुप्लिकेट लावले.

भांडायला गेलो. तो अजिबात तापला नाही, हसत म्हणाला, करा की तक्रार, तुमची गाडीच मॉडिफाय आहे, आधी तीच आत जाईल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चांदणं माझ्या मनात होतं आणि चोर निवांत! कापलेला सबफ्रेम गाडीतल्या फेरफाराच्या कलम 52 मध्ये बसत नाही हे त्याला माहीत, म्हणून त्याची गिऱ्हाइकं सगळी माझ्यासारखीच. ग्राहक हेल्पलाईनला, 1915 ला, फोन केला तर त्यांनी पहिल्यांदा बिल विचारलं. माझ्याकडं चिठोरा. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार टाकलीय, बघू. शॉकअपचं तर सिद्ध काय करणार, देताना एक फोटो काढला नव्हता.

आता गाडी चाचांकडंच आहे. जुन्या भंगारातल्या बुलेटचा सबफ्रेम मिळालाय, स्टँडर्ड लांब सीट, साडी गार्ड, हँडल, सगळं परत. बॉबर गेली, जाऊ दे. बायकोनं एकच अट घातलीय, सीट बसवायच्या आधी तिला दाखवायचं. चाचांना सांगून ठेवलंय, वेल्डिंगवर प्रायमरचा थेंबसुद्धा नको, रविवारी आम्ही दोघं टॉर्च घेऊन येतोय.