अटलांटात सासूबाईंना जेवायला नेलं तेव्हा

अटलांटात बारा वर्षं काढली, तरी पॉन्स डी लिऑन अ‍ॅव्हेन्यूवरच्या ‘मेरी मॅक्स टी रूम’ला कधी गेले नव्हते. हॉटेल 1945 सालचं. सासूबाई आल्या म्हणून मुहूर्त लागला. ऑर्डर आपणच पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायची, हे त्यांना फारच आवडलं. "रेशनच्या दुकानासारखं," म्हणाल्या. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटीभर ‘पॉट लिकर’ आणि मक्याचा ब्रेड फुकट. पॉट लिकर म्हणजे दारू नव्हे, शिजवलेल्या पालेभाजीचं पाणी! सासूबाईंनी ब्रेड कुस्करून त्यात घातला आणि आमटी-भाकरीसारखा ओरपला. (पोर्क असणार, हे मी सांगितलं नाही. मुळात त्या मालवणच्या, मासे खाणाऱ्या. चालतं.) तळलेलं चिकन खरपूस, आतून रसाळ. गोड चहा मात्र पाकच. अर्धा पेला बर्फाने भरा, मग प्या.

त्याआधी एका नव्या, झगमगीत ठिकाणी ‘श्रिम्प अँड ग्रिट्स’ घेतलं होतं. ग्रिट्स म्हणजे मक्याचा सांजाच, पण आला तो गार, गोळा झालेला. कोळंब्या मोजून पाच. पार्किंगचे पैसे वेगळे.

रविवारी अटलांटाजवळच्या डिकेटरच्या ‘चाय पानी’त वडापाव. मालक मेहेरवान इराणी आपल्या नगरला वाढलेले. त्यांच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलच्या मूळ हॉटेलला 2022 मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, म्हणजे अमेरिकेतल्या हॉटेलांचा मोठा मान. वडा चांगला. सासूबाईंचं म्हणणं, सुकी चटणी अजून हवी होती. मागितली, तर वाटीभर आणून दिली.